घरट्याखालचा काटा

"एक घर तोलायचंय," तो म्हणाला.

मी मान वर केली. दुपारचा एक वाजत आला होता. मी शटर अर्धं खाली ओढलं होतं आणि हा त्याखालून वाकून आत आला होता. उंच, सावळा, केसांत लाकडाचा भुसा... काखेत फळ्यांची एक पेटी, आणि तिच्या तोंडाशी लिंबाएवढं गोल भोक.

"कुणाचं घर?"

"चिमणीचं. अजून राहायला आली नाहीये. पण आली की गवत किती आणलं, अंडी किती घातली, पिल्लं किती वाढली, सगळं पेटी न उघडता कळलं पाहिजे. तळाशी काटा बसवून द्याल? तीन दुकानं फिरलो. तिघंही हसले."

"मीही हसणारच होते."

"मग थांबलात का?"

"भूक लागलीये," मी म्हणाले. "हसायला ताकद नाही."

तो हसला. मोठ्यानं, मनापासून. त्या दुकानात असं कुणी हसून बरेच दिवस झाले होते.

दुकान बाबांचं. वजनकाटे दुरुस्तीचं. वर दोन खोल्या, तिथे मी. बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली होती. दिवसभर लोक बिघडलेले काटे आणत, बरे झालेले नेत. संध्याकाळी शटर ओढलं की दुसऱ्या सकाळपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नसे. कधीकधी पहिल्या गिऱ्हाइकाशी बोलताना आवाजच फुटायचा नाही, आधी घसा खाकरावा लागायचा. त्याचं मला काही वाटेनासं झालं होतं. सवय... दुसरं काय!

पेटीचं काम आठवडाभर चाललं. तो विद्यापीठासाठी गावात ठिकठिकाणी साध्या पेट्या लावून पक्ष्यांच्या नोंदी करायचा, एका हंगामापुरता या गावात आलेला. एका मोडक्या सोनारकाट्यातली वजन ओळखणारी धातूची पट्टी मी काढली आणि पेटीच्या दुहेरी तळात बसवली. भोकाच्या दोन बाजूंना इवलेसे सेन्सर लावले. चिमणी आत शिरली की मधला किरण तुटणार आणि एक फेरी मोजली जाणार. तो फळ्या घासायचा, मी तारा जोडायची. तो मला 'काटेबाई' म्हणायला लागला, मी त्याला 'पाखरूवाले'.

"चिमणी भरते किती?" शेवटच्या दिवशी मी विचारलं.

"पंचवीस-सव्वीस ग्रॅम."

मी वीसचं आणि पाचचं अशी पितळी वजनं अलगद आत ठेवली. "बसा चिमणीबाई!" पण आकडा काही केल्या स्थिर होईना. आमचे दोघांचे चेहरे पेटीवर वाकलेले, श्वासाची झुळूक थेट काट्यावर.

"श्वास रोखा," मी म्हणाले.

दोघांनी रोखला. त्याच्या पापणीवर भुशाचा एक कण होता. आकडा थरथरला... आणि थांबला. बरोब्बर पंचवीस.

"आता सोडा."

"सोडवत नाहीये," तो हळूच म्हणाला, आणि मी उगाचच पेचकस शोधायला लागले. पेचकस माझ्याच हातात होता.

पेटी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर लागली, कारण तिला वीज हवी होती. आकड्यांची छोटी पाटी ओट्याशेजारी भिंतीवर. नवव्या दिवशी चिमणा-चिमणी घर बघून गेले, दहाव्या दिवसापासून काड्या यायला लागल्या. अंधार पडला की पाटीवर एकदम सव्वीस ग्रॅम वाढायचे. म्हणजे ती झोपायला आली. मी ताट घेऊन त्या आकड्यासमोर बसायची. भिंतीपलीकडे कुणीतरी आहे... एवढंच. पण मला त्यानं घास गोड लागायला लागला, हे कुणाला सांगायचं?

त्यालाच सांगितलं. एका पहाटे आकडा पावणेतीन ग्रॅमनं वाढला तेव्हा फोन लावला.

"अंडं! अहो, अंडं!"

"अभिनंदन," पलीकडून झोपाळू आवाज आला.

"माझं कसलं करता? तिचं करा!"

"तिच्याकडे फोन नाही ना."

चार दिवसांत चार अंडी झाली. तो एक दिवसाआड नोंदी उतरवून न्यायला यायचा. काम दहा मिनिटांचं, पण चहा थंड होईपर्यंत बसायचा आणि मग थंड चहा प्यायचा. त्यानं सांगितलं, पाच वर्षांत पाच गावं झाली. एक सुटकेस आणि एक दुर्बीण. "सोपं पडतं," तो म्हणाला. म्हणताना खिडकीबाहेर बघत होता.

पिल्लं निघाली आणि फेऱ्यांचा आकडा धावायला लागला. एका दिवसात दोनशे तीस, दोनशे चाळीस. चोचीत अळी घेऊन नवराबायको नुसते भिरभिरत होते.

मग एका संध्याकाळी पाटीवर फक्त एकशे अठरा फेऱ्या.

दुसऱ्या दिवशी तेवढ्याच. खाली मागच्या अंगणात मला करड्या पिसांचा पुंजका दिसला. शेजारचं मांजर कुंपणावर बसून पंजा चाटत होतं.

तो आला, नोंदी बघितल्या आणि खिडकीतून खाली अंगणात वाकून बघितलं.

"चिमणा गेला," मी म्हणाले. "ती एकटी किती पुरी पडणार? कालपासून पिल्लांचं वजन वाढलेलं नाही. मी खिडकीत काहीतरी खायला ठेवते."

"नाही. आपण फक्त मोजायचं, हात लावायचा नाही. नाहीतर त्या आकड्यांना अर्थ उरत नाही."

"आणि पिल्लं मेली तर?"

"तर तीही नोंद असते."

मला काय झालं कोण जाणे. "तू असाच जगतोस ना?" मी ओरडलेच. "लांबून बघायचं, लिहून घ्यायचं, बॅग भरायची! एकटीनं घर ओढणं म्हणजे काय असतं, तुला कधी कळायचं नाही!"

'तू' तोंडातून निघून गेला होता. दोघांनाही तो ऐकू आला. तो वही मिटून निघून गेला. जिन्यावरची त्याची पावलं शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आली.

दुसऱ्या सकाळी आकडा सात ग्रॅमनं कमी झाला. चिमणीनं एक पिल्लू चोचीत धरून बाहेर टाकलं होतं. खिडकीच्या कट्ट्यावर ते पडलं होतं, डोळेही न उघडलेलं. मी ते कुंडीतल्या मातीत पुरलं. मग अंडं उकडलं, पिवळा बलक कुस्करला आणि कट्ट्यावर ठेवला. तासभर ती फिरकलीच नाही. मग आली, मान वाकडी करून एकदा माझ्याकडे बघितलं... आणि चोच भरून आत गेली.

संध्याकाळी मीच फोन केला. "मी खायला घातलं. लपवणार नाही. तुझ्या वहीत काय लिहायचं ते लिही."

"ती पेटी अभ्यासातून बाद करावी लागेल," तो म्हणाला. "माझी सगळ्यात चांगली पेटी होती ती."

"मला माहीत आहे."

फोन ठेवला. संपलं, मी मनाशी म्हणाले. आता नोंदी नाहीत, म्हणजे चहा नाही, म्हणजे... त्या रात्री ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं.

सकाळी दारावर टकटक. तो उभा, हातात झाकणाला भोकं पाडलेला डबा.

"काय आहे?"

"अळ्या. जिवंत. बलकापेक्षा बऱ्या."

"शी! माझ्या स्वयंपाकघरात?" मी म्हणाले, आणि बाजूला होऊन त्याला वाट दिली. "पण पेटी बाद झाली ना? मग आता काय मोजणार?"

"काही नाही."

"मग आलास कशाला?"

त्यानं डबा ओट्यावर ठेवला. कान लाल झाले होते. "रोज यायला कारण होतं," तो म्हणाला. "ते गेल्यावर कळलं की... कारणाची गरज नव्हती."

मी चहा ठेवला. त्या नादात साखर दोनदा पडली. त्यानं तो पाक गरमागरम, एका दमात पिऊन टाकला.

दहा दिवस तो रोज आला. तीन पिल्लं उरली, तिन्ही वाढली. एका सकाळी पहिलं भोकातून डोकावलं, डगमगलं आणि उडालं. पाटीवरचे तेवीस ग्रॅम गेले. अर्ध्या तासानं दुसरं. तिसऱ्यानं दुपारपर्यंत वाट बघायला लावली. मग राहिलं नुसत्या गवताचं वजन. आम्ही दोघं ओट्याला टेकून उभे होतो, खांद्याला खांदा लागेल न लागेल इतपत.

"शुक्रवारी निघायचंय," तो म्हणाला. "दलदलीकडचं काम आहे. आठ महिने."

आयुष्यात मी कुणाला थांब म्हटलं नव्हतं. दवाखान्यात बाबांचा हात हातात असतानाही म्हणाले होते, 'तुम्ही पडा निवांत, माझं मी बघते.' तेच वाक्य आताही ओठांवर आलं. मी ते गिळलं.

"थांब," मी म्हणाले. आवाज इतका लहान निघाला की माझा मलाच ओळखू आला नाही.

"थांबता येणार नाही गं. शब्द दिलाय त्यांना."

"मग नंतर? आठ महिन्यांनी कुठे जाणार?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "हे मला आजवर कुणी विचारलंच नाही."

"मी विचारतेय."

त्यानं माझा हात घेतला. सोल्डरिंगचा जुना डाग होता तिथे अंगठा टेकवला. "मग इथे," तो म्हणाला. "इथेच येणार. तुझी हरकत नसेल तर... कायमचा."

हरकत! मला रडू यायला लागलं होतं आणि हसूही, आणि एकाला जागा दिली तर दुसरं बाहेर पडत होतं.

शुक्रवारी सातच्या बसनं तो गेला. वळणापर्यंत खिडकीतून त्याचा हात दिसत राहिला, मग नुसती धूळ. परत आले तर खोल्या होत्या तितक्याच रिकाम्या होत्या. उलट जास्तच. आठ महिने मी बोटांवर मोजले, दोनदा. ओट्याला टेकून पोटभर रडले, तोंड धुतलं आणि दुकान उघडलं.

पहिलं गिऱ्हाईक कोपऱ्यावरचा फळवाला. काटा काउंटरवर ठेवता ठेवता माझ्याकडे बघून थबकला.

"ताई, डोळ्यात काही गेलंय का?"

"डोळ्यात नाही हो," मी म्हणाले. "गावाला गेलाय. येईल."