तांदळात लिहिलेलं धुकं

"अगं आई गं!"

नेदरलँड्समधल्या वाखनिंगनच्या नदीकाठच्या बांधावर, त्या दाट धुक्यात, अस्सल पुणेरी किंकाळी! लॉकडाऊनचा हिवाळा होता. आमच्या सायकली एकमेकींना चाटून गेल्या होत्या आणि समोरून आलेला तरुण ओल्या गवतात बसला होता.

"लागलं का?" मी हसू दाबत विचारलं.

तो बघतच राहिला. "मराठी…? मग नाही लागलं."

नाव अंबरीश. आयटीवाला, घरूनच काम. दीड मीटरचं अंतर हवं म्हणून मधे दोन्ही सायकली ठेवून आम्ही चालू लागलो.

"आणि तुझं नाव?"

"नोएलानी. हवाईचं आहे."

"हवाई चप्पल ऐकली होती. हवाई नाव पहिल्यांदाच!"

मी डोळे वटारले, पण हसूही आलंच. मग सांगितलं. बाबा होनोलुलूला शिकत असताना माझा जन्म झाला. बारशाला आत्याला व्हिसाच मिळाला नाही. शेजारच्या मालिया आजीच्या स्वप्नात डोंगरावरून धुकं उतरून माझ्या पाळण्यापाशी थांबलं होतं. नोए म्हणजे धुकं, लानी म्हणजे आकाश. स्वप्नात आलेलं नाव बाळाला द्यायचंच, नाहीतर बाळ आजारी पडतं, अशी तिथली जुनी समजूत. मग आत्याच्या जागी तिनेच माझ्या कानात 'कुर्रर्र' केलं… बाबांनी शिकवलेलं!

"म्हणजे आज मी तुझ्यातच हरवलो होतो," तो धुक्याकडे बघत म्हणाला.

आगाऊ! पण दुसऱ्या दिवशी मी त्याच वेळी बांधावर गेले. तोही आला. मग रोजच. बटाट्याच्या रोगांवरचं माझं रटाळ संशोधनही तो कान देऊन ऐकायचा. मी त्याच्या प्रेमात पडले होते, अगदी साफ.

एकदा चालता चालता त्याच्या आईंचा व्हिडिओ कॉल आला. मला बघून त्या गोड हसल्या. "छान आहेस गं! अंबरीश सारखं तुझ्याबद्दलच सांगतो. लग्नात तांदळात 'मृण्मयी' लिहायचं मी ठरवलंय. आमच्याकडे सुनेचं नाव बदलतात."

अंबरीशने 'नंतर बोलू' म्हणत घाईघाईत फोन बंद केला. आजीने कानात सांगितलेलं नाव पुसून मी कुणाची होणार होते? मी सायकल वळवली.

रात्रभर रडले. सकाळी त्याचा मेसेज आला, "घरी ये… नियमात एक पाहुणा चालतो." नाही म्हणायलाच गेले होते मी.

टेबलावर ताटात तांदूळ, समोर लॅपटॉपवर आई. "काल फोन बंद करायला नको होता," तो म्हणाला. "अंगठी नाहीये, पण…" त्याने खिशातून सायकलची किल्ली काढली आणि तांदळात सावकाश लिहिलं. नोएलानी.

"आई, प्रथा मोडत नाही. नाव लिहायचंय, ते लिहिलं."

आईंनी स्क्रीनजवळ येऊन ती अक्षरं वाचली.

"मी माहेरची सुनेत्रा," आई हळूच म्हणाल्या. "वासंती झाले ती तांदळातच. त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नाही रे." त्यांनी डोळे पुसले. "नोएलानी… मला सुनेत्राआई म्हणशील?"

"सुनेत्राआई," मी म्हटलं, आणि त्या एखाद्या मुलीसारख्या लाजल्या.

"अगं, पण त्या बिचाऱ्याला उत्तर दे की!"

तो टेबलापलीकडे अवघडून उभा होता, बरोबर दीड मीटरवर. मी ते अंतर ओलांडलं, त्याच्या हातातली किल्ली घेतली आणि माझ्या नावाखाली लिहिलं… हो.