शेवंतीची लवणकोठी

“कुणाला पटायचं नाही, पण माझ्या शेवंतीने एकदा अख्खी खाडी गोड केली होती!” डॉ. विसूकाका तिरोडकर डोळे मिचकावत म्हणाले.

चित्रा धुरी हसली नाही. ती मृदाशास्त्रज्ञ. गावोगावची माती तपासणाऱ्या तिच्या पिशवीत आज स्वतःच्याच गावची माती होती. समुद्राचं पाणी बांधापलीकडेच अडलेलं असूनही शेतातली माती खारट झाली होती आणि भाताचा तरवा, म्हणजे कोवळी रोपं, करपला होता. टवटवीत होती ती फक्त बांधावर कुणीतरी लावलेली शेवंती. आणखी एक हंगाम असाच गेला, तर गाव उठणार होतं.

“खाडी राहू द्या, काका. तुमची शेवंती मीठ पचवते कशी?”

“पचवते कुठली, साठवते! खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या तिवराचं लवणकोठी-जनुक रोवलं मी तिच्यात. मुळांनी खोलवरचं मीठ ओढायचं आणि पानांच्या पेशींत कोंडून ठेवायचं.”

“आणि कोठी भरली की?”

“पान गळतं.”

“म्हणजे खालचं मीठ वर!” चित्राच्या अंगावर काटा आला. “शेजारचं झाड मरणार आणि रिकाम्या जागी पुन्हा शेवंतीच.”

“अगदी! शेजारीण खपत नाही बाईसाहेबांना. माझ्या मोगऱ्याने माना टाकल्या, तेव्हा मी घाबरलो.”

“मग?”

“मग काय, वाफ्यातच रचून एकूण एक काडी जाळली. ज्वाळा अशा पिवळ्याजर्द, की दीपगृह समजून दोन होड्या वळल्या इकडे! राख तिथेच कालवली, वर नवा मोगरा लावला. बघ कसा फोफावलाय. तुमच्या बांधावरची शेवंती साधीच असणार. जा निर्धास्त.”

चित्राने खिडकीतून पाहिलं. मोगरा खरंच पांढराशुभ्र फुलला होता. तिला हायसं वाटलं, पण क्षणभरच.

“काका, पानं जळतात. मीठ जळत नाही, ते राखेत उरतं. त्या वाफ्यात मोगरा तगलाच नसता.”

काका उगाचच चष्मा पुसू लागले.

चहा घेऊन आलेल्या इंदूकाकू दारातच थबकल्या.

“जाळली? काय मेल्या थापा तरी! उपटून फेकायला निघाले होते गं, एवढी बहरलेली झाडं. मीच कुंड्या भरल्या आणि संक्रांतीला वाण म्हणून लुटल्या. पंचक्रोशीतलं एक घर सोडलं नाही!”