धंदा कशानं बुडेल?

पडद्यावरची गुलनारा उघड्या तोंडानं थिजली, म्हणून गार्गीनं आयटीवाल्याला बोलावलं. आला तो अनय. त्यानं केबल हलवली आणि किर्गिझस्तानातल्या बिश्केकमधली ती लोकरी चपला बनवणारी बाई पुन्हा बोलू लागली.

कतारमधल्या दोहा शहरातल्या एका वित्तसंस्थेत गार्गी मध्य आशियातल्या छोट्या उद्योगांचे कर्जाचे अर्ज तपासायची. शेवटचा प्रश्न ठरलेला, "धंदा कशानं बुडेल?" 'कशानंच नाही' म्हणणारा नापास.

दुभाष्याकडून उत्तर आलं, "सासूमुळे. मेंढ्या तिच्या. ती रुसली की लोकर बंद."

मंजूर!

"सासूची रिस्क लिहून घेतलीत ना?" मागून अस्सल नाशिकचं मराठी आलं.

गार्गी वळली. हसू दाबायला अंमळ उशीरच झाला...

मग दोघांचा करक, म्हणजे तिथला कडक दुधाळ चहा सुरू झाला, 'तुम्ही'चं 'तू' झालं. एसीखाली जॅकेट घालून कुडकुडणाऱ्या अनयला ती चिडवायची, "कतारमध्ये गारठलेला पहिलाच माणूस!"

तिनंच मागितलेली बदली आली — बिश्केक, दोन वर्षं.

"पैसा इथून पोचतो रे. भरवसा पोचवायला माणूस जावा लागतो."

समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्यावर वारा पडला होता. अनय चुळबुळला. "माझाही अर्ज आहे... भागीदारीचा."

तिचं मन उजळलं. पण सवय वाईट! "कशानं बुडेल?"

"आपलं? कशानंच नाही!"

"नापास," ती हसून म्हणाली. घरी जाताना मात्र हसू टिकलं नाही. हिशेबी माणसाचं हे असंच — हवं ते हातात आलं, तरी आधी उलटून पाहणार.

त्यानंतर तो फिरकलाच नाही. बिश्केकला निघायच्या आदल्या दिवशी ती ऑफिसातलं टेबल आवरत होती, तेव्हा दारात उभा.

"माझ्या भित्रेपणानं."

"काय?"

"बुडेल. तू जाशील, मी रोज फोन करेन... मग अधूनमधून. तिथल्या थंडीचं निमित्त काढून इथंच बसेन. मी ओळखतो मला. म्हणून तिकडे नोकरी शोधतोय. मिळेलच असं नाही."

गार्गीनं टेबलाचा खण उघडला. "आणि सासू?"

"आईला सांगितलं नाहीये अजून. रुसेल."

तिनं खणातून पुडकं काढलं. जाडजूड लोकरी चपला, पुरुषी मापाच्या.

"गुलनाराकडून मागवल्यात. तू अर्ज करायच्या आधीच," ती म्हणाली. "घालून बघ... माप अंदाजानंच सांगितलंय."