सोनलच्या फोनमधले डोळे

जागृती डोंबिवलीहून कळव्याला निघाली ती सोनलला एक फोटो डिलीट करायला सांगायला. भर दुपारी, मनात थोडासा राग घेऊन. जिवाभावाच्या मैत्रिणीवर रागवायचं तरी किती, तेवढाच.

घरात जिला कोणी फारसं विचारत नसे, ती जागृती इन्स्टावर 'डोळेवाली' होती. काजळाची एक रेघ, मान जराशी तिरकी, की झाला सेल्फी. कॉलेजात तिला लोक ओळखत ते त्या डोळ्यांमुळेच. पण सोनलबरोबर गालाला गाल लावून काढलेल्या सेल्फीत तिचे डोळे नेहमी मिटलेले यायचे, आणि सोनल नेमके तेच टाकायची. अलीकडे तर जागृतीच्या स्वतःच्या फोनवरही तसंच येऊ लागलं होतं. काल सोनलने टाकलेल्या दोघींच्या फोटोत तर जागृतीच्या नाकपुड्यांत काहीतरी पांढरं दिसत होतं. फिल्टरचा घोळ असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

सोनल घरी एकटीच होती. खिडक्या बंद, तरी खाडीच्या चिखलाचा वास खोलीत भरून राहिलेला. पंखा कुरकुरत होता.

"कालचा तो डिलीट कर ना. माझ्या नाकात काय दिसतंय ते?"

"कापूस," सोनल हळूच म्हणाली.

मस्करी करत असेल, असं जागृतीला वाटलं. पण सोनल हसत नव्हती. तिने दोघींच्या ओळखीच्या आधीचे फोटो उघडले. सगळ्यांत सोनल एकटी, डोळे मिटलेली. शेवटच्यात नाकात कापूस आणि ओठांवर तुळशीचं पान.

"मी खूप घाबरलेली गं... मग फ्रेशर्स पार्टीला तुझ्यासोबत एक काढला. त्यात माझे डोळे उघडे आले. तुझे मिटले."

"म्हणून... म्हणून मैत्री केलीस?"

सोनल पंख्याकडे बघत राहिली. "तुझ्यासोबत कोणी नव्हतं. तू लगेच जवळ आलीस."

सोनलने स्वतःचं मरण आपल्यावर ढकललं, हे जागृतीला कळलं. मरणाची भीती नंतर आली. आधी आठवली ती एका प्लेटमधली शेवपुरी, आणि या मुलीच्या खांद्यावर डोकं टेकून सांगितलेली घरची गाऱ्हाणी. आपण जीव लावला आणि हिने आपल्याला नुसतं वापरलं. असा दगा तिला आजवर कोणी दिला नव्हता.

तिने सोनलचा फोन हिसकावला, तिच्या मानेभोवती हात टाकला आणि गालाला गाल घट्ट दाबला.

"नको... जागू, प्लीज... परत माझ्याकडे येईल ते."

"येऊ दे."

तिने बटण दाबलं. बराच वेळ स्क्रीनकडे बघायची दोघींचीही हिंमत होईना. शेवटी दोघींनी एकदमच पाहिलं.

डोळे दोघींचेही मिटलेले. कापूस दोघींच्याही नाकात. फोटो वरून काढलेला होता. दोघी शेजारी शेजारी आडव्या निजलेल्या, आणि चारही हात छातीवर नीट ठेवलेले.

"जागू..." सोनल कुजबुजली. "मग फोन कोणी धरलाय?"