निंबावरचा स्पीकर

“पाचवा! हा पाहा पाचवा गट्टू!” भिंतीवरच्या वायर अडकवायच्या, पांढऱ्या चिनी मातीच्या गट्टूवर बोट ठेवत जगदेव ओरडला.

“हळू बोल ना बे! काका झोपून राह्यला तिथी,” गोविंदाने त्याला चिमटा काढला.

 त्यांच्याबरोबरच्या विमलने फ्रॉकच्या खिशातलं पोस्टकार्ड पुन्हा एकदा चाचपलं. कार्ड आलं होतं तिच्या बाबांच्या नावाने, नागपूरच्या आकाशवाणीकडून. ‘आपण गायिलेले गीत २३ मे रोजी सायंकाळी सात वाजताच्या कार्यक्रमात प्रसारित होईल.’ बाबांनी दिवाळीआधी नागपूरला जाऊन ते गाणं म्हटलं होतं. आणि पौषात चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन तिचे बाबा, पुंजाजी, गेले. कार्ड मात्र त्यांना शोधत आलं! आज तेवीस तारीख होती आणि दुपारचे तीन वाजून गेले होते.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? चावडीवर जावं आणि तिथल्या रेडिओवर ऐकावं! अहो, पण विमलची आई, चतुराबाई, विहिरीच्या पायरीवरून पडलेली. कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर, आणि खाटेवरून अजिबात हलवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. बरं, रेडिओच घरी आणावा, तर तो जुना, ट्रंकेएवढा, विजेवर चालणारा. आणि वीज फक्त चावडीत! गावातला एकुलता एक ट्रान्झिस्टर मालकाबरोबर मानोऱ्याला लग्नाला गेलेला. घरात बाबांचा साधा फोटोसुद्धा नव्हता. होता तो आवाज, आणि तोही आज एकदाच येणार होता.

“मले ऐकाचं हाय वं, विमल,” आई एवढंच म्हणाली होती. तेव्हापासून विमलला घास गोड लागला नव्हता.

पूर्वी त्यांच्या बौद्धवस्तीतल्या निंबावर चावडीच्या रेडिओचा दुसरा, लाकडी पेटीतला स्पीकर टांगलेला असे. दीड वर्षापूर्वी तो अचानक नाहीसा झाला. “उंदरायनं खाल्ला,” असं चावडीचा शिपाई जानराव सगळ्यांना सांगे. हा जानराव म्हणजे गोविंदाचा सख्खा काका.

“उंदरायनं वायर खाल्ली असन. पण लाकडाची पेटीबी खाल्ली?” सकाळी विमलने विचारलं, आणि तिघांची शोधमोहीम सुरू झाली. वायर गेली तरी तिला धरून ठेवणारे गट्टू भिंतीभिंतीवर शाबूत होते. त्यांचा माग काढत काढत तिघं थेट जानरावच्या परसात येऊन पोचले!

“अरे बापरे!” जगदेवने कपाळावर हात मारला. “उंदरायनं धुणं वाळत घातलं वाटते!”

परसात या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी वायर सात-आठ पदरी ताणलेली होती आणि तिच्यावर दुर्गाकाकूंची लुगडी वाळत होती! आणि पेटी? ती गोठ्यात होती. तिच्या मागच्या बाजूने एक तांबडी कोंबडी आत शिरून अंड्यांवर बसली होती. जगदेवने हात घातला आणि चोच खाऊन बाहेर काढला.

“आता काका देईन का आपल्याले?” विमलचा चेहरा उतरला.

“मांगतेच कोण त्याले!” म्हणत गोविंदा अंबाडीचा दोर घेऊन आला. “काकू, तुमची कपड्याची वलनी ढिली झाली. नवी बांधून देऊ का?”

“गुणाचं माह्यं लेकरू!” दुर्गाकाकू घरातूनच म्हणाल्या.

कोंबडी टोपलीत गेली, लुगडी दोरावर गेली, आणि वायर, पेटी घेऊन तिघांनी धूम ठोकली!

साडेसहापर्यंत वायर गट्टूंवरून वस्तीत पोचली. चावडीत जानराव रेडिओजवळ पहारा देत बसला होता. “दोन स्पीकर जोडले का सेट जळते! हात लावाचं काम नाई!” त्याने दटावलं.

“काका, घरी चला लवकर! काकूले समजलं, वलनीची वायर कोणाची होती ते!” गोविंदा म्हणाला. जानराव चपला न घालताच पळाला. तेवढ्यात जगदेवने रेडिओच्या पाठीमागे दोन्ही टोकं खोचली.

सात वाजले. विमलने खाटेजवळ पाटावर पेटी ठेवली होती. आतून डासाच्या गुणगुणीसारखं काहीतरी आलं. बाजारभाव होते बहुतेक. चतुराबाईंनी मान उचलून कान लावला. “मले तं काईच समजून नाई राह्यलं वं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

विमल उठली आणि जिवाच्या आकांताने पळत सुटली. चावडीत तीसचाळीस माणसं बसली होती.

“जग्या, घरी आवाजच नाई येऊन राह्यला!”

“सेट जुना हाय, विमे. दोन स्पीकरले पुरून नाई राह्यला.” जगदेवने मागची एक खिट्टी दाखवली. “हे फिरवलं का इथला बंद, अन् सारा आवाज तिकडं.”

विमलने खिट्टी फिरवली. चावडी एकदम मुकी झाली.

“ए पोरी! काहून बंद केला?” सगळे खेकसले. घामाघूम होऊन परत आलेला जानराव तर तिच्या अंगावरच धावला.

“माह्या बाबाचं गाणं लागनार हाय!” विमलने खिट्टीवरचा हात काढला नाही. “माह्या आईले हलता येत नाई. तुमाले ऐकाचं असन, तं आमच्या घरी या!”

 मग सरपंचांनी चपला पायात सरकवल्या. “पुंजाजीचं गाणं हाय ना? चला मंग!”

वस्तीत कधी पाऊल न टाकलेली माणसंसुद्धा निघाली आणि विमलच्या अंगणात मातीवर बसली. निवेदकाने बाबांचं नाव घेतलं. क्षणभर काही नाही. मग पेटीतून कोणीतरी दोनदा खोकलं. गाण्याआधी बाबा नेहमी खोकायचे, अगदी तसंच!

“ह्यायचा खोकला काई गेला नाई अजून,” चतुराबाई पटकन म्हणाल्या.

आणि गाणं सुरू झालं. ‘पाटी घेऊन बगलेत, लेक चालली शाळेत...’ हे गाणं बाबांनी विमलवरच रचलं होतं. तिने आईच्या पदरात तोंड खुपसलं.

गाणं संपलं. शेळ्यांच्या रोगांची माहिती सुरू झाली, तरी कोणी उठेना.

“शाब्बास पोरायनो!” सरपंच म्हणाले. “आमी मोठे असून हे आमाले सुचलं नाई. जानराव, उद्या हा स्पीकर निंबावर पायजे!” जानरावने मान खाली घालून हो म्हटलं.

“विमल,” आई म्हणाली, “अखीन एकदा लाव ना वं.”

दिवसभर प्रत्येक अडचणीवर तिघांनी तोडगा काढला होता.  विमलने जगदेवकडे पाहिलं. त्याने खाली पाहत मान हलवली.

“नाई लागत, आई.”

 चतुराबाईंनी पेटीवर हात ठेवला.

“असू दे. गाणं तं साऱ्या गावाले येते, कोणीबी म्हणन. पण खोकला कोण खोकन?”

विमलने तो हात आपल्या हातात घेतला आणि पेटीतला आवाज बंद होईपर्यंत ती तिथेच बसून राहिली.