विजेच्या तुकड्यातली पहार

माती तपासायची म्हणजे काय मोठं काम? खुरप्यानं चार जागी खड्डे घ्यायचे, पसापसा माती काढायची, घमेल्यात कालवायची आणि पिशवीत भरायची. सारजानं सकाळीच ते उरकलं होतं. पण बारामतीहून माती तपासायला आलेल्या दीपकनं पिशवी बघितली, मग रानाकडं बघितलं आणि म्हणाला, "काकू, त्या मधल्या पांढऱ्या तुकड्यातली माती घेतली नाही का?"

"तितली कशाला? तितं काय पिकत न्हाय."

"म्हणून तर पाहिजे."

बावड्याच्या अलीकडं, नीरेच्या अंगाला सारजाची वस्ती. दोन खणांचं पत्र्याचं घर, दीड एकर काळं रान, आणि रानाच्या मधोमध डोक्याला टक्कल पडावं तसा तो तुकडा. घरातले त्याला विजेचा तुकडा म्हणत. अठरा वर्षांपूर्वी परतीच्या पावसात, भरदुपारी, तिथं वीज पडली. सारजाचा नवरा राम आणि अडतीस मेंढरं जाग्यावर गेली. रामला माळावर नेलं. मेंढरं पडली तिथंच पुरली. सासऱ्यानं, बिरदेव आबानं, त्या दिवसापासून तिथं लोखंड लावू दिलं नाही. आबा गेला, पण त्याचा शब्द काही गेला नाही.

आता एवढ्याशा तुकड्यात नांगर घातला नाही म्हणून कुणाचं घोडं अडलं, असं तुम्ही म्हणाल. अडलं हो, चांगलंच अडलं. त्या तुकड्यात पावसाचा थेंब मुरत नव्हता. पडेल ते पाणी घसरून खाली यायचं आणि खालची काळी माती ओरबाडून न्यायचं. आधी बोटाएवढी ओघळ होती, मग ओघळीची घळ झाली. औंदा ती घळ घराच्या पायापासून सहा पावलांवर आली होती. सारजाचा दीर गेणू म्हणत होता, सोडा हे रान, सडकेला घर बांधू. सारजा ऐकत नव्हती. ऐन तारुण्यात नवरा गेला तिथं पाय रोवून राहिलेली बाई ती. पाण्याला भिऊन उठते होय?

दीपकनं काचेच्या दोन पेल्यांत पाणी घेतलं. एकात चांगल्या रानाची माती टाकली, दुसऱ्यात तुकड्यातली, आणि दोन्ही ढवळली. चहा पिऊन होईस्तोवर पहिल्या पेल्यातली माती तळाला बसली. दुसरा पेला गढूळच राहिला. त्यात त्यानं खारेपणा मोजायचा मीटर बुडवला, आकडा बघितला आणि भुवया उंचावल्या.

"मेंढरं पुरताना मीठ घातलं होतं?"

"घालत्यात की. रीतच हाय. दोन पोती घातलं हुतं."

"त्यानंच घोटाळा झाला. मिठानं माती चोपण झाली, दगडासारखी घट्ट. पाणी मुरेना म्हणून मीठ धुऊन जाईना, मीठ जाईना म्हणून पाणी मुरेना. आणि खारी माती जराशी ओली झाली की तिच्यातून वीज सरळ धावते." त्यानं पेला ओतून टाकला. "मीठ सुटायला जिप्सम टाका आणि खालच्या मुरमापर्यंत चर खणा. पाण्याला वाट मिळाली तर घळ थांबेल. फक्त ढग आले की तिथं थांबू नका."

संध्याकाळी गेणूला कळलं तेव्हा तो डोक्याला हात लावून बसला. "वैनी, आबानं काय सांगितलं हुतं? तितं लोखंड न्हाय. ती जागा त्येंची हाय."

"कुणाची?"

"दादाची. मेंढरांची."

"त्येंची जागा माज्या घराखाली यायला लागलीया भावजी. मग बोलायला नको व्हय?"

दुसऱ्या दिवशी तिनं पहार घेतली. वरचा थर फरशीसारखा वाजत होता. पाच दिवस ती एकटी खणत होती. पाचव्या दिवशी दुपारी चर छातीइतका खोल गेला, तरी मुरूम लागला नव्हता. वर येऊन तिनं चराच्या तोंडाशी पहार मारली. ती हातभर आत गेली आणि तिथंच अडकली.

तेवढ्यात ऊन गेलं.

सारजानं वर बघितलं. नीरेकडून ढग आला होता, काळा नाही, जांभळा. वारा पडला. झाडावरचं पान हलेना. दीपकचं बोलणं तिला आठवत होतं, पण पहार टाकून जायचं जिवावर आलं. बायामाणसांचा हा एक मोठाच दोष, अवजार टाकून जीव वाचवायचं म्हणून सुचत नाही. ती दोन्ही हातांनी पहार ओढू लागली. पावसाचे चार जाड थेंब पडले आणि त्यांच्याबरोबर एक वास आला. ओल्या मातीचा नव्हता. जळक्या लोकरीचा होता.

अठरा वर्षांत तो वास तिला कधी आला नव्हता, आणि एक दिवसही ती तो विसरली नव्हती.

पाऊस एकदम कोसळला. चार हातांवरचं दिसेना. तुकड्यावर पाणी साचून घळीकडं घसरायला लागलं. मग तिच्या हातातली पहार गुणगुणायला लागली. बारीक, नाकातल्या नाकात कुणी ओवी म्हणावी तशी. तिच्या दंडावरचे केस उभे राहिले. तिनं हात काढले.

"सारजे…"

आवाज बांधाकडून आला. मेंढरं हाकताना बसलेला, जरासा घोगरा. तो रामचा होता, दुसऱ्या कुणाचा असायची सोय नव्हती.

"सारजे… पळ."

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी सारजानं कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी ती घराच्या दारात उभी होती. राम मेंढरांत उभा होता, आभाळ गरजत होतं. तिनंच हाक मारली होती, "अवो, पळा… पळा हिकडं." बायकोची हाक ऐकून तो लांब ढांगा टाकत निघाला, आणि तिसऱ्या ढांगेला पडला. दहाव्याला आबा सगळ्यांत बसून म्हणाला होता, "पाय जुळवून खाली बसला असता तर वाचला असता. पळत्याचा एक पाय म्होरं, एक मागं. वीज जमिनीतनं येती, एका पायातनं चढती, दुसऱ्यातनं उतरती. मेंढरांची तीच गत. चार पाय, चार जागी." सारजानं ते ऐकलं आणि गिळलं. अठरा वर्षं ते तिच्या घशात होतं.

"पळ की…" आवाज जवळ आला. "घर बघ… हितंच हाय… पळ."

घर खरंच समोर होतं. पन्नास पावलं. चार हातांवरचं दिसत नव्हतं, तरी उघडं दार दिसत होतं, आणि दारात कोणीतरी हात हलवत उभं होतं. घरात कोणी नव्हतं. गेणू इंदापूरला गेला होता.

तिचा उजवा पाय उचलला गेला. तिनं तो परत ठेवला, डाव्याला चिकटवून. पाच पावलं मागं सरकून, टाचेला टाच लावत, ती चिखलात उकिडवी बसली. कानांवर हात घेतले. तिला भीती वाटत होतीच, पण भीतीपेक्षा राग मोठा होता.

"मला तवा ठावं नव्हतं," ती मोठ्यानं म्हणाली. "देवाशपथ ठावं नव्हतं. पर तुमाला तर आता समदं ठावं हाय न्हवं? तरी पळ म्हणताय?"

आवाज थांबला.

"चुकलं माजं. रोज म्हणती, आज बी म्हणती. पर म्या मरायची न्हाय. आन् रान बी सोडायची न्हाय."

मग सगळं पांढरं झालं. आवाज तिला ऐकूच आला नाही, जमिनीनं खालून एक रट्टा दिला एवढंच कळलं. ती आडवी पडली. डोळे उघडले तेव्हा पहारीच्या बुडाशी वाफ निघत होती आणि दारात कोणी नव्हतं. आणि पाणी, जे पाणी अठरा वर्षं घळीकडं घसरत होतं, ते पहारीभोवती गोल फिरून खाली मुरत होतं. घळ कोरडी पडली होती. सारजा तशीच चिखलात बसून रडली, पोटभर.

दोन दिवसांनी गेणूनं ट्रॅक्टर आणला. पहारीला साखळी बांधली. साखळी तुटली, पहार हलली नाही. दीपक येऊन बघून गेला. म्हणाला, विजेनं आतली वाळू वितळून काच होते, काचेनं लोखंड धरून ठेवलं असेल. "राहू दे तशीच. रान तर वाचलं."

सारजानं चरात जिप्सम टाकला आणि विजेच्या तुकड्यात हरभरा पेरला. गेणूनं नाही म्हणून बघितलं, मग पेरायला स्वतःच पाभर धरली. आठव्या दिवशी हरभरा उगवून आला. ती रोज सकाळी जायची, हिरवं बघायची, पहार निघते का म्हणून धरून एकदा हिसका मारायची आणि मग कामाला लागायची.

पहार आखूड होत चालली होती.

पहिल्यांदा तिला भास वाटला. कंबरेला लागणारी पहार मांडीला लागायला लागली, मग गुडघ्याच्या वर. तिनं चुन्यानं रेघ मारली. दुसऱ्या सकाळी जाऊन बघितलं तर रेघ जागच्या जागी होती. तिनं नेहमीचा हिसका मारला आणि परत बघितलं, तर रेघ दोन बोटं मातीत गेलेली.

त्यानंतर तिला ताप आला. चार दिवस ती अंथरुणात होती. पाचव्या दिवशी गेणू नको म्हणत असताना रानात गेली. वाटलं, गेली असेल पुरती खाली. पण पहार तशीच उभी होती, तसूभरही हलली नव्हती. म्हणजे एकटी असली की ती खाली जात नव्हती. सारजाचा हात लागला की मगच जात होती.

ती बराच वेळ उभी राहिली. हरभऱ्यावर दव होतं. सडकेवरून कारखान्याकडं उसाचे ट्रॅक्टर चालले होते. परत फिरली असती तर कोणी काही म्हटलं नसतं.

तिनं पदर खोचला. टाचा मातीत रोवल्या, दोन्ही हातांनी पहार धरली.

"ओढा," ती म्हणाली. "बघू कोण दमतं."

खालून ओढ बसली. तिनं दात खाऊन वर ओढली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पहार वर आली, एक बोट, मग दुसरं. खालची ओढ सुटली. सारजानं श्वास सोडला.

आणि मग लोखंडातून तिच्या तळहातांना कळलं, खालच्यानं पकड बदलली होती, आणि आता जरा वरच्या अंगाला, तिच्या हातांच्या जवळ, धरलं होतं.