दे इकडे

आधी मला मिथुनचा हात दिसला, मग मिथुन.

नाहूर स्टेशनजवळच्या पॅथॉलॉजी लॅबमधला माझा पहिला दिवस. सकाळचे सात, बाहेर पाऊस, आणि खुर्चीत उपाशीपोटी बसलेल्या शकुआजी. त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई टेकवणार... तोच माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला.

“दे इकडे. आजींची शीर लपाछपी खेळते.”

आणि घेतलीच की सुई! अर्ध्या मिनिटात नळी भरली. आजी त्याला म्हणाल्या, “हात हलका आहे रे तुझा.” मी आपली कापूस धरून उभी.

“राग आला?” त्याने हळूच विचारलं.

“छे! आनंदाने नाचतेय, दिसत नाही?”

तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडायची... तिथेच माझी वाट लागली.

माझं प्रोबेशन तीन महिन्यांचं. तेवढ्यात हात बसला तर पक्की टेक्निशियन, नाही तर कायमची काउंटरवर, फोन उचलत. मिथुनला हे पक्कं माहीत होतं. तरी लहान मूल रडलं की “दे इकडे.” शीर बारीक दिसली की “दे इकडे.” एकदा तर पेशंटने मला काही विचारलं, त्याचं उत्तरही यानेच देऊन टाकलं!

“मला शिकू दे ना रे!” मी भांडायचे.

“तुला त्रास नको गो, म्हणून करतो,” हा मालवणी हेल काढायचा. मग चहाच्या वेळी डब्यातले घावणे माझ्यापुढे सरकवायचा, नारळाचा रस वेगळ्या डबीत. आता राग टिकवायचा कसा, सांगा! रोज सकाळी भांडायचं ठरवून यायचे आणि दुपारी त्याच्याच छत्रीतून रस्ता ओलांडायचे. माझी छत्री बॅगेत असायची.

तिसरा महिना संपत आला तेव्हा लॅबच्या प्रमुख नलिनी मॅडमनी बोलावलं.

“श्रुतिका, अवघड सँपल सगळी मिथुननेच घेतलीत. तू एक तरी घेतलंस?”

मी तोंड उघडलं—

“मॅडम, शिकतेय ती,” दाराशी उभा असलेला मिथुन म्हणाला. “आणि मी आहे ना!”

तिथेही मध्येच! इतका संताप आला की रडूच फुटणार होतं.

“मॅडम, मला बोरिवलीचं होम कलेक्शन द्या,” मी म्हणाले. “घरोघरी एकटी जाईन. महिनाभरात नाही जमलं तर स्वतःहून काउंटरवर बसेन.”

मॅडम ‘बरं’ म्हणाल्या. मिथुनचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं, सुटल्यासारखं होईल. कसलं काय!

शनिवारी, माझ्या शेवटच्या दिवशी, पेशंट संपल्यावर तो त्या खुर्चीत येऊन बसला आणि बाही वर केली. स्टाफच्या तपासणीत त्याचं एकट्याचंच सँपल राहिलं होतं. त्याची शीर कुणालाच पटकन सापडायची नाही.

“घे,” तो म्हणाला.

मी पट्टा बांधला. त्याचा हात गार पडला होता. पहिल्यांदा सुई चुकली. त्याचा दुसरा हात सवयीने वर आला... आता ते दोन शब्द येणार, म्हणून मी थांबले. पण त्याने खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

“परत कर. मी बोलत नाही काही.”

नवीन सुई घेतली. जरा वरच्या बाजूला बोटाने शोधलं, घाई केली नाही. लागली! नळीत रक्त उतरू लागलं.

“भीती वाटायची गं मला,” तो खाली बघत म्हणाला. “तू शिकलीस की माझी काय गरज...”

“मूर्ख आहेस! गरज म्हणून येत होते मी तुझ्या छत्रीत? माझी छत्री रोज बॅगेत असायची.”

त्याने मान वर केली. “मग... नको ना जाऊस. आता नाही करणार मध्ये मध्ये.”

“करशील. आणि मी करू देईन. तू आवडतोस ना मला, म्हणून करू देईन. तेच नकोय.”

सुई काढली. नळीवर त्याचं नाव लिहिलं. चिकटपट्टी त्याच्या हातात दिली. एका हाताने तिचा कागद सुटेना, म्हणून तो दातात धरून ओढत बसला. माझी बोटं नुसती शिवशिवत होती. पण मी बॅग उचलली.

बाहेर पाऊस होताच. माझी छत्री उघडून मी रस्ता ओलांडला आणि पलीकडे जाऊन चांगली हुंदके देऊन रडले.

सोमवारी बोरिवलीतल्या पहिल्याच घरी गुणाजी आजोबांनी हात पुढे केला. “पोरी, जमेल ना? माझी शीर लवकर सापडत नाही.”

“जमेल, आजोबा.”

पट्टा बांधला, शीर चाचपली. सापडली होती. तरी सुई टेकवण्याआधी मी क्षणभर थांबले... उगाचच. खांद्यावरून कुणाचा हात आला नाही.